घासून पुसून सूर्यचूल

मीराबाईंच्या गच्चीवर भात आपोआप शिजत होता आणि इकडे पार्वतीबाईंच्या पोटात दुखत होते.

सक्करदऱ्याच्या त्या गल्लीत दोघींची घरे भिंतीला भिंत लागून होती. वैशाख तापू लागला तशी मीराबाईंनी सरकारी सवलतीतली सूर्यचूल आणली. आरशाच्या झाकणाची पेटी उन्हात ठेवायची, आत डाळ-तांदळाचे डबे ठेवायचे आणि आपण खाली कूलरसमोर पाय पसरून बसायचे. पार्वतीबाई तोवर स्टोव्हला पंप मारून घामाने निथळत असत.

"रॉकेल तं उरूनच राह्यलं वं," मीराबाईंनी भिंतीवरून भरलेली बाटली पुढे केली. "घेऊन जा. आमाले काय करायचं आता?"

राशनच्या दुकानात रॉकेलचा पत्ता नव्हता, म्हणून पार्वतीबाईंनी बाटली घेतली. पण घेताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"मले सोलर कुकर पाहिजे," संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितले.

"काहून? स्टोव्ह चालून नाही राह्यला का?" वामनरावांनी विचारले.

"स्टोव्ह चालते. माह्यं डोस्कं चालून नाही राह्यलं!"

वामनराव मुकाट्याने रिक्षात घालून पेटी घेऊन आले. दुकानदाराने सगळे नीट समजावून सांगितले होते, पण नेमके त्याच वेळी रस्त्यात दोन गोऱ्हे भिडले होते आणि वामनरावांचे सारे लक्ष कोण हरतो इकडे होते. पार्वतीबाईंनी पेटी उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"वापरलेला माल देल्ला त्यानं तुमाले! डब्बे पाहा, काळेकुट्ट!"

"नवाच आहे वं. खोका माह्यासमोर फोडला."

"नवा म्हणे! बुडाचं सोडा, झाकणं बी काळी. मीराबाई पाहीन तं काय म्हणन?"

आता, हा काळा रंग मुद्दाम दिलेला असतो. काळे भांडे ऊन धरून ठेवते, चकचकीत भांडे त्याला दारातूनच परत पाठवते. पण काळे भांडे म्हणजे आळशी बाई, हे पार्वतीबाई आईच्या घरून शिकून आल्या होत्या. त्यांनी विटेचा चुरा, राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि बोटे सोलवटेपर्यंत डबे घासले. मग त्यात स्वतःचे तोंड पाहून त्या समाधानाने हसल्या आणि त्याच भरात भिंतीपाशी गेल्या.

"मीराबाई, रविवारी दोघं बी जेवाले या. समदं सोलरवरचं!"

आमंत्रण गेल्यावर त्यांनी पहिला भात लावला. दिवसभर ऊन खाऊन तांदूळ जसेच्या तसे राहिले, फक्त ओले झाले. दुसऱ्या दिवशी पेटी फिरवली, आरसा पुसला, तरी तेच.

"दृष्ट लागली," पार्वतीबाई म्हणाल्या. "तिचीच. परवा कशी टकटक पाहून राह्यली होती!"

त्यांनी मीठ-मिरच्या पेटीवरून ओवाळून शेगडीत टाकल्या. ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट होतीच, हे सिद्ध झाले. भात मात्र कच्चाच राहिला.

रविवार उजाडला. मीराबाई आणि त्यांचे यजमान मधुकरराव येऊन बैठकीत बसले. वर गच्चीवर तांदूळ जसेच्या तसे भिजत पडले होते. आता आपली गल्लीभर छी-थू होणार, हे पार्वतीबाईंना दिसू लागले. त्यांनी मागच्या जिन्याने डबा खाली आणला, मीराबाईंनीच दिलेले रॉकेल स्टोव्हमध्ये ओतले आणि पंप मारला. स्टोव्ह भर्र आवाज करू लागला.

"रेडिओ लावा!" त्या दारातून कुजबुजल्या.

वामनरावांनी रेडिओ मोठ्याने लावला. शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालू होता. पाहुणे बराच वेळ कपाशीवरच्या अळीचा बंदोबस्त ऐकत बसले.

"तुमची शेती आहे का गा?" मधुकररावांनी ओरडून विचारले.

"नाही, पण कधी घेतली तं!" वामनराव तितक्याच जोराने ओरडले.

भात झाला. पार्वतीबाईंनी डबा पदराखाली झाकला, चटके सोसत जिना चढल्या, डबा पेटीत ठेवला आणि वरूनच हाक मारली, "या वं मीराबाई, पाहा!"

झाकण उघडताच वाफ आली. मीराबाई वाकल्या. त्यांनी एकदा वास घेतला, मग पुन्हा घेतला.

मीराबाईंनी जिन्याकडे पाहून पुरुष वर आले नाहीत याची खात्री केली आणि हळूच म्हणाल्या, "माह्या कुकरच्या भाताले बी असाच वास येते."

"कसा?"

"रॉकेलचा."



"म्हणजे तुमी बी...?"

"पहिल्या दिवसापासून. खाली शिजवते, वर नेऊन ठेवते, तुमी गच्चीवर आल्या का उतरवते. रॉकेल पहिल्यापेक्षा दुप्पट लागून राह्यलं, माय! तुमाले बाटली देल्ली ते फक्त दाखवाले!"

पार्वतीबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतके दिवस आपण उगाच जळलो, असे वाटून त्यांना हसूच आले. हसता हसता त्यांची नजर भिंतीपलीकडे, मीराबाईंच्या गच्चीवर गेली. तिथे कुकरचे डबे घासून पालथे घातले होते आणि उन्हात असे लखलखत होते की बघवत नव्हते.

पार्वतीबाईंचे हसू मावळले. पोटात पुन्हा तेच दुखू लागले.

"खरं सांगा वं मीराबाई," त्या म्हणाल्या, "तुमी डब्बे कायनं घासता?"