दोन महामखमांमधलं अंतर

“गुण मोजायला आम्ही आणि कॉफी प्यायला ते,” पडद्याआड पंकजाबाई पुटपुटल्या. “वास तेवढा फुकट येतो.”

“अम्मा, हळू गे,” म्हणत वत्सलाने व्यंकोबांच्या पेल्यात चिंचोका टाकला.

दारूबंदी आल्यापासून कुंभकोणमच्या पुरुषमंडळींची संध्याकाळ शेषाद्री अय्यरांच्या कॉफी क्लबात जाई. तिथे वाद इतके माजत, की शेषाद्रींनी त्यांचीच स्पर्धा करून टाकली. दोन पक्ष, बरोबर उत्तराला एक चिंचोका, जिंकणाऱ्याला पितळी फिल्टर. प्रश्न विचारायचे मुकुंदरावांनी. गुणांचे पेले सांभाळायचे त्यांच्या बायकोने आणि मुलीने, पण पडद्याआड. सामने मुकुंदरावांच्याच घरी, पण दिवाणखाना पुरुषांचा.

आज शेवटचा सामना. एका बाजूला शेजारचे कृष्णमूर्ति, दुसऱ्या बाजूला कापडवाले व्यंकोबा. व्यंकोबांच्या गोपालकृष्णाशी वत्सलाचं ठरलं होतं, शुक्रवारी साखरपुड्याची तांबुलाची ताटं बदलायची होती. व्यंकोबांना मुलीचं वय अठरा सांगितलेलं. सांगितलं मीनाक्षीबाईंनी, म्हणजे मुकुंदरावांच्या आईंनी. यंदाचं नव्हे, त्याआधीचं महामखमाचं, म्हणजे इथल्या कुंभमेळ्याचं, स्नान तळ्यावर झालं तेव्हा हिचे दुधाचे दात पडत होते, अशी पक्की खूणही दिली. गेली काही वर्षं वत्सला अठराचीच होती. गल्लीला खरं ठाऊक होतं, पण गल्लीला लग्नात जेवायचंही होतं. वत्सलाला अठराचा कंटाळा आला होता. गोपालकृष्ण मनात भरला म्हणून ती गप्प होती इतकंच.

दोन्ही पेले बरोबरीत आले. शेवटचा प्रश्न मुकुंदरावांनी खास व्याह्यांसाठी राखून ठेवला होता. महामखम बारा वर्षांनी येतो, हे कुंभकोणमच्या म्हशीलाही सांगावं लागत नाही. पण फारच सोपं दिसू नये म्हणून त्यांनी प्रश्नाला जरा मुरड घातली.

“यंदाचा महामखम आणि त्याआधीचा. मध्ये वर्षं किती गेली?”

“बारा,” व्यंकोबा कॉफीचा पेला ओठाशी धरूनच म्हणाले.

“अकरा,” कृष्णमूर्ति म्हणाले.

मुकुंदरावांनी आता बोटांवर वर्षं मोजली; अकराच भरली. मुरड घालताना त्यांनी मोजून पाहिलं नव्हतं.

“शास्त्रात बारा आहेत,” व्यंकोबा म्हणाले.

“शास्त्रात असोत. यंदा गुरू घाईत होता. वर्षभर आधीच सिंह राशीत येऊन बसला.”

“पुरावा?” शेषाद्रींनी विचारलं.

“पुरावा कशास हवा? माझी भवानी तेव्हा बाराची होती, आणि आता ती…” कृष्णमूर्तींची नजर पडद्यावर गेली. भवानी आणि वत्सला एकाच आठवड्यात पाळण्यात पडलेल्या. “आता ती सासरी आहे,” त्यांनी कसंबसं संपवलं.

“सासरी असणं हा पुरावा नव्हे,” शेषाद्री म्हणाले.

मग दुसरा एक जण उठला, भाच्याचं वय काढू लागला, आणि भाचा वत्सलाच्या वर्गात होता हे आठवून पाणी प्यायला बसला. तिसरा तर उठण्याआधीच खोकला. ज्याच्या त्याच्या घरात वत्सलाच्या वयाचं कुणी ना कुणी होतंच.

“बाराच धरू या,” मुकुंदराव घाईने म्हणाले.

“धरू या म्हणजे?” व्यंकोबा तापले. “मला दान नको मुकुंदराव. पुरावा तुमच्याच घरात आहे, आणि तुम्ही तोंड मिटून बसलां. त्या महामखमाला तुमच्या मुलीचे दुधाचे दात पडत होते. म्हणजे वय सहा. आज अठरा. सहातून अठरापर्यंत किती?”

“बारा,” शेषाद्री खूश होऊन म्हणाले. “नक्की ना मुकुंदराव? सहा आणि अठरा?”

मुकुंदरावांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे त्यांनाही सांगता आलं नसतं. शेषाद्रींनी होकाराची धरली.

“गुण व्यंकोबांचा. आत चिंचोका टाका.”

आत आवाज झाला नाही.

“टाक गे,” पंकजाबाई कुजबुजल्या.

“खोटा आहे.”

“चिंचोका आहे तो, मंगळसूत्र नव्हे.”

“त्याच्यापाठोपाठ तेच यायचं आहे, अम्मा. तेही खोट्यावर बांधूं का?”

“टाकलं का आत?” शेषाद्रींनी विचारलं.

वत्सला उठली. पंकजाबाईंनी तिचा पदर घट्ट धरला. पाच वर्षं ही पोर प्रत्येक वाढदिवशी मागे वळून अठरावरच उभी राहत होती, आणि वळवणाऱ्यांत आपलाही हात होता. पंकजाबाईंनी पदर सोडला. वर पडद्याची दोरीही त्यांनीच ओढली.

दिवाणखान्यात कॉफीचे पेले जिथल्या तिथे थांबले. कृष्णमूर्ति जमिनीकडे बघू लागले. वत्सला सरळ व्यंकोबांसमोर जाऊन उभी राहिली.

“त्या महामखमाला मी बारा वर्षांची होते, मामा,” ती म्हणाली. “यंदा तेवीस.”