गोंदण्यांचे डोहाळे

आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत कुणा बाईला दिवस गेले, की ते तिच्या सासूच्या आधी सिद्रामतात्यांना कळतं. कसं, ते देव जाणे. तात्या सत्तरीचे, आणि इतके बुजरे की जिन्यात एखादी बाई समोर आली तर भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. पण पोटुशी बाई दिसली की त्यांची भीड चेपते. तब्येत नाही, महिना नाही, एकच प्रश्न. "काय खावं वाटतंय, बाई?"

उत्तर मिळायचा अवकाश, तात्या जुनी लुना, पिशवी आणि फांदी ओढायची आकडी घेऊन मोहोळकडच्या माळावर. कुणाला विलायती चिंचा, कुणाला जांभळं. विकतचं चालत नाही, झाडावरून तोडल्याशिवाय डोहाळे फिटत नाहीत म्हणे. तळमजल्यावरच्या सुनेनं पिझ्झा सांगितला, तेव्हा तात्या खिन्न झाले.

"ते डोहाळं न्हाय बाई, ती जाहिरात हाय."

डोहाळे राहिले तर लेकराचे कान फुटतात, ही त्यांची ठाम समजूत. मी शाळेत विज्ञान शिकवते. मला दिवस गेले तेव्हा मी त्यांना कानाच्या पडद्यावर चांगलं व्याख्यान दिलं. त्यांनी मान डोलवत ते सगळं ऐकलं आणि पुन्हा विचारलं, काय खावं वाटतंय.

मे महिना होता. त्या उन्हात मला पाण्याशिवाय काही नको होतं. पण तात्या रोज दारात. शेवटी पिच्छा सुटावा म्हणून लहानपणी सांगोल्याला मामाकडे खाल्लेल्या फळाचं नाव सांगून टाकलं, गोंदण्या. वाटाण्याएवढी केशरी, चिकट फळं. आता कुठे मिळायला बसल्यात?

तात्यांचा चेहरा एकदम पडला. ते तसेच जिना उतरून गेले.

मग दोन दिवस त्यांचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गिरिजा मला बोलवायला आली. गिरिजा त्यांची एकुलती एक लेक. चाळिशीची, अख्ख्या कॉलनीचे ब्लाउज शिवते. तिला लहानपणापासून ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं कळतं.

तात्या पंख्याखाली बसले होते. तोंड उन्हानं रापलेलं, हात काट्यांनी ओरबाडलेले. गिरिजानं गोंदण्यांनी भरलेली परात उचलली आणि मोरीपाशी आमच्याकडे पाठ करून धुवायला बसली. मी तात्यांना रागावले. या वयात, या उन्हात कशाला जायचं?

"हिच्या आईलाबी ह्याच पायजे हुत्या," ते म्हणाले. "उद्या आणतो म्हनलं. उद्या उद्याच करत राह्यलो. दोन वर्साची असताना कान फुटले हिचे."

मी म्हटलं, तात्या, तो जंतुसंसर्ग असतो. त्याचा गोंदण्यांशी काही संबंध नाही.

"व्हय. डॉक्टरबी तेच म्हनले. मलाबी कळतंय की." ते लेकीच्या पाठीकडे बघत होते. "रोज माफी मागतो हिची. अशी पाठ असली की मागतो. तोंडावर मागावी तर ओठ वाचतीया ही."

मीही गिरिजाच्या पाठीकडे बघू लागले.

गिरिजा वाटी घेऊन वळली. आम्हा दोघांचे चेहरे बघून थबकली आणि तिनं हातानंच बापाला विचारलं, काय झालं?

तात्या हसले. तिला नीट दिसावं म्हणून ओठ सावकाश हलवत म्हणाले, "काय न्हाय. बाई म्हनत्यात, गोंदण्या लई गोड हायेत."

मी अजून एकही तोंडात टाकली नव्हती. तरी मान हलवली.