काकड्यांची भरती-ओहोटी

आमच्या सिडकोतले काकडे रोज सकाळी दूध केंद्रावर भरतीची वेळ सांगतात. "आज वरची भरती साडेनवाला. ओहोटी साडेतीनला."

दूधवाला म्हणतो, "काका, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, अन् तुमच्याकडं रोज दोन भरत्या."

काकडे शांतपणे पिशवी उचलतात. "समुद्र इथं नाय, पण डोक्यावर हाय ना."

वेडगळ वाटतं, पण खरं आहे. सूर्याच्या उष्णतेनं हवेतही भरती-ओहोटी उठते. नव्वद किलोमीटर उंचीवर वारा दिवसातून दोनदा पुढं-मागं हेलकावतो, आणि ऋतूप्रमाणे त्याची वेळ सरकते. दौलताबाद रस्त्यावरच्या आमच्या हवामान संशोधन केंद्रात काकडे रडार चालवत. जळत्या उल्कांच्या रेषा वारा कुठं ढकलतो, ते पाहून नोंद करायची. त्यासाठी ते चपला बाहेर काढत. "वरच्याचं काम हाय."

एका थंडीत त्यांच्या नोंदींत भरती चारच दिवसांत तीन तास सरकली. ऋतूला त्यासाठी महिने लागतात. दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती आणि केंद्रप्रमुख मी होतो. मला आलेख गुळगुळीत हवा होता. मी त्या नोंदींवर काट मारली आणि शेरा लिहिला : यंत्रात बिघाड, चालकाचा हलगर्जीपणा. काकड्यांना भांडारात बसवलं. निवृत्तीपर्यंत ते खिळे-स्क्रू वाटत राहिले.

थंडीत वरचे वारे कधी अचानक उलटतात आणि भरती अशीच सरकते, हे पुढं इतरांनी दाखवून दिलं. मी वाचलं आणि गप्प बसलो.

घडलं ते सगळं मी गेल्या आठवड्यात लिहून काढलं. एक प्रत केंद्रासाठी, एक त्यांच्यासाठी. त्यांच्या जिन्यातून दोनदा परत फिरलो. तिसऱ्यांदा दार वाजवलं. त्यांनी बसा म्हटलं नाही.

"काकडे, यंत्र ठीक होतं. नोंदी मी खोडल्या."

"ठाऊक हाय, साहेब. खोडायला पेन माझंच नेलं होतं तुम्ही. अजून दिलं नाय."

मला हसता येईना. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"‘चालक’ कशाला? नाव लिहा."

भिंतीला टेकवून मी दोन्ही कागदांवर लिहिलं, भास्कर काकडे. ते शेवटच्या अक्षरापर्यंत पाहत होते. मग आपली प्रत त्यांनी बायकोच्या फोटोमागं खोचली.

"ही रोज विचारायची, आज वर काय चाललंय म्हणून. आता कुणी विचारत नाय. मग मीच दुधाला जाऊन सांगतो."

केंद्राची प्रत मी घडी करून खिशात ठेवली.

"काकडे," मी विचारलं, "आज वर काय चाललंय?"

त्यांनी फोटोकडं पाहिलं. मग खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"बसा. सांगायला वेळ लागंल."