मुन्शीजींचा शब्द

आमच्या मुन्शीजींना अरबीतला एकच शब्द येत होता, पण तो संपूर्ण येत होता. तुहलुब. म्हणजे शेवाळ.

तरुणपणी ते नागपूरला मदरशात शिकायला गेले. वडील वारले, शिक्षण सुटलं आणि शेवटच्या धड्यातला एवढा शब्द घेऊन ते दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावी परतले. पुढं विडीच्या कारखान्यात मुन्शी झाले. शब्द मात्र विसरले नाहीत.

तलावाचं पाणी हिरवं पडलं की म्हणत, "तहलबा!" म्हणजे शेवाळलं. धानाचे पऱ्हे उगवून जमिनीवर पहिली हिरवळ दिसली की पुन्हा तेच. मेंढरं भादरली तरी तेच क्रियापद, माणूस ठार मारला तरी तेच. आमच्या टकल्या न्हाव्याकडे बोट दाखवून ते सांगत, "याच्या डोक्शावर एक तुहलुबा नाही." म्हणजे केस.

"मुन्शीजी, अरबात दुसरा शब्दच नाही का जी?" न्हावी विचारी.

"हायेत ना बाप्पा. पयले हा तं संपू दे!"

मालगुजारी, म्हणजे गावावरची जमीनदारी, नुकतीच संपली होती. तलाव सरकारचा झाला, म्हणजे कुणाचाच राहिला नाही. घाटाच्या दगडांवरून बायका घसरून पडत. जुने दगड फोडून नवा घाट बांधायचा, असं आम्ही पोरांनी ठरवलं. मी सुस्त समाजावर जळजळीत पत्रक लिहिलं. मुन्शीजींनी ते ऐकून मान डोलावली. "साचून शेवाळलेल्या पान्याले मुतहलब म्हणते. तुह्या समाजाले लागू हाय. लिहून टाक, लीडर."

ठरल्या सकाळी आम्ही पहारी घेऊन गेलो, तर मुन्शीजी पायजमा वर खोचून पाण्यात उभे. हातात नारळाची शेंडी. सगळे दगड हिरवेगार, एकच धुतलेल्या परातीसारखा लख्ख. तोच ते घासत होते.

"चाचा, सरका. हा पहिला फोडायचा आहे."

"नाही."

मुन्शीजींनी कुणाला नाही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी भडकलो. एका दगडासाठी गाव अडवणं ही सरंजामी वृत्ती आहे, वगैरे बरंच बोललो.

"झालं भाषन?" ते म्हणाले. "तुही चाची याच गोट्यावर कपडे धुवे. एक दिवस घसरली, कोपर फुटलं. मी पट्टी बांधून राहिलो न् तिले सांगून राहिलो, याले तुहलुब म्हणते. सारे अर्थ सांगतले. तं मले म्हणे, 'जनमभर शेवाळाचं नाव सांगून राहिले, कधी हातानं खरवडलं का जी?'"

ते हसले. आम्हीही हसलो.

"मंग?" एका पोरानं विचारलं.

"मंग काय? उद्या खरवडतो म्हनलो. परवा म्हनलो. तिले ताप आला, गेली." त्यांनी दगडावर पुन्हा शेंडी फिरवली. "तवापासून खरवडून राहिलो."

पत्रकांची चळत माझ्या खिशात टोचत होती.

"फोडत नाही, चाचा. नव्या घाटात पहिला हाच बसवू."

"बसवसान?"

"बसवू."

मी पहार काठावर ठेवून पाण्यात उतरलो. "दुसरी शेंडी आहे का?"

त्यांनी हातातलीच मोडून अर्धी मला दिली. मी त्या दगडाकडे हात नेला, तसा त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"तू बाजूचा घे. हा माहा हाय."