चतुराबाईंच्या अर्जाचा सूर

अक्षरं सगळ्यांनाच वाचता येतात. लिहिणाऱ्याचा दृष्टिकोन, हेतू आणि सूर ओळखणं मात्र प्रशिक्षणाशिवाय जमत नाही. आमच्या वीज कार्यालयाने ते तीन दिवसांचं प्रशिक्षण (जेवणासह) पूर्ण केलं. त्यानंतर आलेला पहिला अर्ज टेंभुर्णी शिवारातल्या चतुराबाईंचा. खांब क्रमांक एकशे सदतीसची तार वस्तीच्या वाटेवर लोंबली आहे, ती वर घ्यावी, एवढाच मजकूर.

पूर्वी असा अर्ज आला की आम्ही लाइनमन पाठवून मोकळे व्हायचो. (वाचनाकडे केवढं दुर्लक्ष!) या वेळी बद्रीनाथ साहेबांनी सात जणांची वाचन समिती नेमली. मीही तीत होतो. लेखिका खालून वर पाहते, हे एकमताने ठरलं. हेतूबाबत मतभेद झाले: चौघांना विनंती वाटली, दोघांना तक्रार, एक सदस्य चहा सांगायला गेले होते. शिवाय तार खरोखर लोंबली आहे की लेखिकेला तसं वाटतं, हे मजकुरातून सिद्ध होत नव्हतं. मजकुराबाहेर जायचं नाही, असं प्रशिक्षणात बजावलं होतं. खांब मजकुराबाहेर होता.

महिनाभराने दुसरा अर्ज आला. 'तारेला चिकटून शेळी मेली. आता तरी तार वर घ्या.' या 'आता तरी'वर दोन बैठका झाल्या. सूर किंचित कडवट, पण शैलीत स्पष्ट प्रगती, असा अभिप्राय पडला.

मग बाई स्वतःच आल्या.

"साहेब, शेळी गेली ती गेली. माझी तृप्ती रोज त्याच तारंखालून वाकून शाळेत जाऊन राह्यली. अर्जात काही चुकलं असंल तर सांगा, मी बराबर लिहून आणते."

"चुकलं काहीच न्हाई, बाई," साहेब म्हणाले. "बिलकुल मनातून लिहिता तुम्ही."

"मंग तार?"

आम्ही हा तोंडी मजकूर म्हणून वेगळा नोंदवला. बाई बराच वेळ दारात उभ्या होत्या. मला वाईट वाटलं. तेही इतिवृत्तात आहे.

आमच्या बेचाळीस पानी अहवालाचं वर कौतुक झालं. तार तिथेच आहे.

इथवर येईपर्यंत माझा सूर उपरोधिक आहे, हे आपण ओळखलंच असेल. हेतूही कळला असेल. म्हणजे आपलं वाचन आमच्याइतकंच सखोल आहे. तृप्तीची शाळा साडेदहाला भरते. खांबाचा नंबर सुरुवातीलाच दिला होता. वर न पाहता सांगा बरं.