साळवेसरांचे कडुलिंब

आमच्या कारखान्यात काही वाईट घडलं की साळवेसर झाड लावतात.

थट्टा नाही. सुप्याच्या एमआयडीसीत आमची पंख्यांची कंपनी आहे आणि सर तिचे जनसंपर्क अधिकारी. कँटीनच्या आमटीत झुरळ निघालं, गुलमोहर लागला. मशीनवर एकाचं बोट गेलं, करंज लागला. सरांचं धोरण एकच : "आधी खड्डा घ्या." मग नगरहून पत्रकार बोलवायचे, मिसळ खाऊ घालायची, मालकांच्या हाती झारी द्यायची. दुसऱ्या दिवशी पेपरात बोट नसतं, झारी असते.

घरीही तेच. बायकोशी भांडण झालं की सर कुंडी घेऊन येतात. त्यांच्या गॅलरीत आता कपडे वाळत घालायला जागा नाही.

मी युनियनची पत्रकं लिहिते. सर मला 'पत्रकबाई' म्हणतात आणि माझं प्रत्येक पत्रक लाल पेनाने तपासून परत करतात. "'नराधम' तीनदा आलंय, पत्रकबाई. एकदाच ठेवा, जास्त लागतं."

यंदा पॅकिंगमधल्या रेखाताईंनी प्लांट मॅनेजरवर छेडछाडीची केस केली, नगरच्या कोर्टात. सरांनी एका दिवसात पाच खड्डे घेतले. 'महिला सन्मान वृक्षारोपण'. फोटोत रेखाताई मॅनेजरशेजारी उभ्या राहिल्या तर प्रकरण निवेल, अशी त्यांची अटकळ. ते स्वतः आमंत्रण द्यायला आले.

रेखाताई म्हणाल्या, "येते की सर. पन खड्डा त्याच्या मापाचा घ्या."

सरांनी रुमाल काढून तोंड पुसलं. हसू पुसत होते की काय, मला कळलं नाही.

मग सरांच्या सहीने प्रेसनोट निघाली : 'सदर अधिकाऱ्याविरुद्ध यापूर्वी एकही तक्रार नाही.' कोर्टातही कंपनीने तेच सांगितलं. आमचे वकील म्हणाले, आधीची एकही तक्रार दाखवता आली नाही, तर रेखाताईच खोट्या ठरतील.

मी पत्रक लिहिलं. मथळा : 'खोटारडे साळवे'. रविवारी ते सरांच्या हातात कोंबायला गेले, तर ते कारखान्याच्या मागे पँट दुमडून कॅनने झाडांना पाणी घालत होते. वृक्षारोपणाची झाडं जगलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

सरांनी पत्रक वाचलं. पेन काढलं, परत खिशात ठेवलं.

"यात काही चूक नाही," ते म्हणाले. मग एका कडुलिंबावर हात ठेवला. "हा मंगलचा. पलीकडचा शबानाचा. तो वाकडा, सुनंदाबाईंचा. तिघींनी याच मॅनेजरविरुद्ध अर्ज दिले होते. माझ्याच हातात."

"अर्ज कुठंयत?"

"मालकांनी फाडले. मी खड्डे घेतले." कॅनमधलं उरलेलं पाणी त्यांनी वाकड्याच्या बुडाशी ओतलं. "तारीख कधी आहे?"

"उद्या."

"येतो. तिन्ही नावं सांगतो."

सरांनी रिकामा कॅन माझ्या हातात दिला.

"उद्यानंतर मला गेटच्या आत सोडणार नाहीत, पत्रकबाई. वाकड्याला दोन कॅन लागतात."