तारेसाहेबांचं नात्याचं रजिस्टर

दुकानात शिरल्यावर माणसं भाव विचारतात. तारेसाहेब नातं विचारायचे. गल्ल्यावरच्या मालकाला नमस्कार करायचे, मागे राबणाऱ्या माणसाकडे छत्री रोखायचे आणि अगदी आदबीनं म्हणायचे, "ये आपके कौन?"

त्यात त्यांचा तरी काय दोष? ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं आणि थोड्याच वर्षांत दुकानांतल्या नोकरांसाठी कायदा आला. कामाचे तास ठरले, मधली विश्रांती ठरली, आठवड्याला एक दिवस भरपगारी सुट्टी ठरली. उज्जैनीत हे सगळं पाळलं जातं का, ते बघायला निरीक्षक म्हणून तारेसाहेब आले आणि त्यांचे अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवायला मी. कायद्यात एकच पळवाट होती. मालकाच्या घरच्या माणसांना तो लागू नव्हता. फ्रीगंजातल्या व्यापाऱ्यांनी ती पहिल्याच आठवड्यात हेरली आणि बघता बघता बाजारातले सगळे नोकर मालकांचे नातेवाईक झाले.

दुसरा एखादा निरीक्षक चिडला असता. तारेसाहेब खूश झाले. त्यांनी एक लांबलचक लाल रजिस्टर आणवलं आणि त्यात दुकानवार वंशावळी मांडायला घेतल्या. टावर चौकातल्या जैन कापडवाल्यानं आपल्या रहीमचाचा शिंप्याला मौसेरा भाऊ ठरवलं, तेव्हाही साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मौसी बड़ी वाली के छोटी?" एवढंच विचारून त्यांनी लिहून घेतलं. पुढे ईद आली आणि साहेब मिठाईचा पुडा घेऊन कापडवाल्याच्या घरी हजर. "भाईसाहब की ईद, तो आपकी भी हुई ना," म्हणाले. दुसऱ्या दिवशी रहीमचाचांचं नाव मुकाट्यानं नोकरांच्या यादीत आलं.

हीच त्यांची पद्धत. खटला भरायचा नाही, आवाज चढवायचा नाही. सांगितलेलं नातं मात्र पुरतं निभवायला लावायचं. "तुमच्या साडूला ताप आहे, भेटून आलात का?" हा प्रश्न ते भर गिऱ्हाइकांत विचारत. व्यापारी जेरीला येत आणि माझ्याकडे येऊन म्हणत, "दंड ठोक दो बाबूजी, पर इनको मत भेजो."

स्वतः साहेब मात्र अगदी एकटे. माधवनगरात एक खोली, एक स्टोव्ह आणि दोन छत्र्या, एवढाच संसार. बायको लग्नानंतर वर्षभरात गेली, भावंडं नव्हतीच. कचेरीत दरवर्षी एक फॉर्म भरावा लागे, त्यात 'जवळचे नातेवाईक' असा रकाना होता. बाजारभरची नाती तोंडपाठ असलेला हा माणूस तो रकाना कोरा ठेवून फॉर्म परत करायचा आणि म्हणायचा, "ते नंतर भरू." मला वाईट वाटायचं, पण मी कधी विषय काढला नाही.

आता फूलचंद हलवायाची गोष्ट. त्याच्याकडे रामलाल नावाचा जिलबीचा कारागीर होता. "भतीजा है साहब," फूलचंद म्हणाला. काका चाळिशीचा आणि पुतण्या पंचावन्न वर्षांचा, पांढऱ्याशुभ्र मिशांचा. साहेबांनी तेही लिहून घेतलं. पण रामलालचं दुखणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तो पहाटेपासून भट्टीपुढे उभा असायचा, वर्षानुवर्षं त्याला एक दिवस मोकळा मिळाला नव्हता. मुलगी लग्नाची होती. बडनगरला चांगलं स्थळ होतं, पण मुलगा बघायला जायला रामलालला सवड मिळेना आणि ती मंडळी आता दुसरीकडे बघू लागली होती. कढईवरून मान न उचलता त्यानं हे साहेबांना सांगितलं.

"एक दिन की छुट्टी दो इसको, सेठजी."

"घर के आदमी को काहे की छुट्टी?"

"बराबर बोले," साहेब म्हणाले. "फिर तो लड़की आपकी पोती हुई. लड़का देखने दादा को भी जाना पड़ेगा. कल सुबह की बस है, मैं साथ चलता हूँ."

फूलचंद हसला. सकाळी उठून बघतो तर साहेब छत्री घेऊन दुकानाच्या पायरीवर उभे, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगताहेत की आज सेठजी नातीसाठी स्थळ बघायला निघालेत. लोक फूलचंदचं अभिनंदन करू लागले. शेवटी त्याला दुकानाच्या फळ्या लावाव्या लागल्या आणि रामलालला बरोबर घेऊन बसमध्ये बसावं लागलं.

बडनगरला आजोबा म्हणून फूलचंदची सरबराई झाली. त्याला लोडाशी बसवलं, वारा घातला, प्रत्येक गोष्टीत आधी त्याला विचारलं. जन्मात कुणी त्याला एवढा मान दिला नव्हता. स्थळ पक्कं करून तो परतला आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन कचेरीत आला. "नौकर में भी लिखो, सोमवार की छुट्टी लिखो," तो म्हणाला, "पर भतीजा भी रहने दो. वहाँ बोल के आया हूँ." साहेबांनी दोन्ही लिहिलं.

माळव्यात लग्नात नवरीच्या आईचा भाऊ वाजतगाजत साडी घेऊन येतो, त्या रिवाजाला मायरा म्हणतात. रामलालच्या बायकोला, गोमतीबाईला, भाऊ नव्हता, त्यामुळे पत्रिकेत मामा म्हणून घालायला नावही नव्हतं. पत्रिका छापायला टाकायच्या दिवशी फूलचंद तिला घेऊन कचेरीत आला. ती दाराशी पदर धरून उभी राहिली. फूलचंदनं साहेबांचीच छत्री उचलून तिच्याकडे रोखली आणि आदबीनं विचारलं, "साहब, ये आपकी कौन?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाले, "बहन लिखो."

साडी घ्यायला मी बरोबर गेलो होतो. कापडवाल्यानं अर्धं दुकान खाली उतरवलं, तरी साहेबांना एकही पसंत पडेना. मायऱ्याच्या मिरवणुकीत ते बँडच्या पुढे चालले, आणि गोमतीबाईनं कपाळाला टिळा लावला तेव्हा इतके रडले की नवरीचा बाप त्यांची समजूत घालत होता.

पुढे मध्यभारत जाऊन मध्यप्रदेश झाला आणि कचेरीचे कागद भोपाळला जाऊ लागले. साहेबांचा पहिला अर्ज मीच उतरवला. फूलचंदच्या दुकानाशी आपलं नातं असल्यामुळे त्याची तपासणी दुसऱ्या निरीक्षकाकडे द्यावी, असं त्यात होतं. भोपाळहून विचारणा आली, नातं कोणतं, पुरावा जोडावा. साहेबांनी लग्नपत्रिका जोडली. तिच्यात आपल्या नावापुढच्या 'मामा' या शब्दाखाली लाल शाईनं रेघ मारली होती.

त्या वर्षीचा फॉर्म त्यांनी स्वतःहून मागून घेतला आणि खूप वेळ लिहीत बसले. मग मान वर करून मला म्हणाले, "रकान्यात जागा पुरत नाही हो. एक कोरा कागद द्या, मागे जोडतो."